भालकी टाइम

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे असतील तर ते माझ्या अक्काचे, म्हणजे थोरल्या बहिणीचे. आमचं घर मेंढरं राखणाऱ्यांचं. वडलांच्या काळात कळप लहान होत गेला आणि दुसऱ्याच्या शेतातली मजुरी वाढत गेली. अक्का सातवी शिकली. पुढं शिकायची तिची इच्छा होती, पण गावातली शाळाच तिथं संपत होती. लग्न होऊन ती बिदर जिल्ह्यातल्या भालकीला गेली आणि दुसऱ्याच वर्षी वडलांना म्हणाली, "ह्याला माझ्याकडं धाडा. आपल्यातलं कुणीतरी सातवीच्या पुढं जाऊ द्या." सासरच्यांची कुरकुर तिनं ऐकून घेतली आणि मला ठेवून घेतलं. बसस्टँडच्या मागं तिच्या दोन खोल्या होत्या. दाजी साखर कारखान्यात हंगामी कामाला होते. त्या घरात राहून मी शाळा केली, कॉलेज केलं, आणि पुढं बिदरला कॉम्प्युटर विषय घेऊन पदवी घेतली. आमच्या भावकीत पदवी मिळालेला मी पहिला.

अक्काच्या घरात एक भिंतीवरचं घड्याळ होतं. ते नेहमी पुढं असायचं. भालकीत बसस्टँडच्या आसपास बहुतेकांच्या घरात घड्याळ पुढंच असतं, कारण उदगीरकडं जाणारी गाडी भरली की कंडक्टर वेळेची वाट बघत बसत नाही, घंटी मारतो आणि निघतो. कुणाचं दहा मिनिटं पुढं, कुणाचं पंधरा. अक्काचं वीस. मला हे ठाऊक नव्हतं. शाळेत मी पोचायचो तेव्हा शिपाई मैदान झाडत असायचा, आणि मला वाटायचं, ह्या शाळेची घंटाच उशिरा वाजते. एकदा दाजी घड्याळाखाली स्टूल ओढत म्हणाले, "हे लईच पुढं पळायलंय. बरोबर करतो."

अक्का भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "हात लावू नका त्याला. पोरगं त्याच्या भरवशावर शाळेला जायलंय."

दाजींनी स्टूल जागेवर ठेवलं. त्या दिवशी मला शाळेच्या घंटेचं कोडं सुटलं.

पदवीनंतर वर्षभर भालकीतच एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवलं आणि मग हैदराबादला नोकरी लागली. बी-बियाणं आणि खतं विकणारी कंपनी होती. कर्नाटक, आंध्र आणि मराठवाड्यात तिचे डेपो होते. दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. कंपनीनं नुकतंच आपलं अंतर्गत संकेतस्थळ सुरू केलं होतं. बाहेरच्या कुणाला ते दिसत नसे. आम्ही त्याला पोर्टल म्हणायचो. कुठल्या डेपोत किती पोती आहेत, कुठल्या दुकानदाराची मागणी आली, माल कधी निघाला, कामावर कोण आलं, हे सगळं डेपोतल्या माणसानं आपलं नाव आणि पासवर्ड टाकून त्यात भरायचं. पोर्टल उघडलं नाही की माल हलत नसे. ते उघडून देणं हे आमच्या हेल्पडेस्कचं काम. आम्ही चौघं होतो. मला मराठी, कन्नड आणि दखनी बोलता येत असल्यामुळं बिदर, गुलबर्गा आणि लातूर भागातले फोन माझ्याकडं यायचे. घरात तिन्ही भाषा कानावर पडत वाढलो, त्यात विशेष काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. त्या खुर्चीत बसल्यावर त्याचा उपयोग कळला.

लॉगिनच्या तक्रारी बहुतेक साध्या असत. कॅप्स लॉक चालू राहिलेलं असायचं. कुणी जुना पासवर्ड टाकायचं. कुणाचा ब्राउझर आधीचीच माहिती धरून बसलेला असायचा. मी क्रमानं एकेक विचारत जायचो आणि दहातल्या नऊ वेळा माणूस आत जायचा. दहावी वेळ भालकी डेपोची.

तिथल्या कारकून बाईंचा फोन जवळजवळ रोज सकाळी यायचा.

"साहेब, मी भालकी डेपोतनं बोलायलेय. परत 'पासवर्ड चूक' म्हणायलंय बघा. पाच डाव टाकले, आता कुलूपच लागलं."

"कॅप्स लॉकचा दिवा लागलाय का बघा, बाई."

"न्हाई. दिवा-बिवा काय न्हाई."

"बरं, पासवर्ड नोटपॅडवर टाइप करा आणि मला वाचून दाखवा."

"वाचून दाखवू? तुमच्याच साहेबानं ट्रेनिंगमधी सांगितलंय, नवऱ्याला बी सांगायचा न्हाई म्हणून."

मला हसू आलं. "मग मनात वाचा."

जरा वेळानं आवाज आला, "वाचलं. बरोबर हाय."

मी खातं उघडून द्यायचो, नवा पासवर्ड द्यायचो, ब्राउझर साफ करायला लावायचो. कधी दुपारपर्यंत जमायचं, कधी तेही नाही. आमच्या सीनियरना ते पाठ झालं होतं. ते तेलुगू होते, पण आम्हा सगळ्यांशी दखनीत बोलायचे. सकाळी फोन वाजला की म्हणायचे, "तुमारे गाँव वाली फिर लॉक हो गई मियाँ, देखो जरा." शेजारच्या टेबलावरचा निजामाबादचा मित्र त्यात भर घालायचा, "भालकी में कीबोर्ड पे ज्वारी की रोटी थापते क्या जी?" मी हसून घ्यायचो. आतून लागायचं.

अडचण अशी होती की पुरावा बाईंच्या विरुद्ध होता. त्याच कॉम्प्युटरवर, त्याच लाइनवर, बाई रजेवर असल्या की दुसरे कारकून बसायचे. ते आपलं नाव टाकून पहिल्याच झटक्यात आत जायचे. म्हणजे यंत्र ठीक, लाइन ठीक. उरल्या बाई.

एकदा त्यांनीच विचारलं, "तुमी आपल्याकडले हाव का काय? बोलणं वळखीचं वाटायलंय."

"व्हय. बसस्टँडच्या मागं अक्काचं घर हाय माझ्या."

"आगं बाई! मग कामून साहेब साहेब करायले मी?" तेव्हापासून मी बाळा झालो. आणि त्याच आठवड्यात त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "बाळा, मन्नाएखेळ्ळीचं खरं हाय का?"

खरं होतं. एरिया मॅनेजरनी मुख्य कार्यालयाला लिहिलं होतं: बाईंना कॉम्प्युटर जमत नाही, त्यांना मन्नाएखेळ्ळीच्या गोदामावर पाठवावं आणि भालकीला शिकलेला माणूस द्यावा. महिनाअखेरीला ठरणार होतं. बाई उदगीर रस्त्यावरच्या एका खेड्यातून रोज ये-जा करायच्या. मन्नाएखेळ्ळी दुसऱ्या टोकाला, दोन गाड्या बदलून. तिथं पाठवणं म्हणजे नोकरी सोडायला सांगणंच.

"सगळं वहीत लिहीत होते तवापासनं हितं हाय मी," त्या म्हणाल्या. "उतारवयात क्लास लावून कॉम्प्युटर शिकले. पोरींसंगं बसून. पोरी हसायच्या. बदली करायची तर करू द्या, पण जमत न्हाई म्हणून लिहून घालवू नका म्हणावं."

मी बघतो म्हणालो. काय बघणार होतो ते मला माहीत नव्हतं.

दोन दिवसांनी संध्याकाळी मी एक नवी तपासणी करायला त्यांना फोन लावला. त्या घाईत होत्या. "उद्या करू बाळा. साडेपाच झाले, गाडी जाईल माझी."

मी समोर पाहिलं. आमच्या भिंतीवर सव्वापाच वाजले होते. "अजून पाव तास हाय की बाई."

"आमच्या हितलं पुढं असतंय. तुला ठाव न्हाई व्हय, भालकीचा असून?" त्यांनी फोन ठेवला.

मला अक्काचं घड्याळ आठवलं, स्टूल ओढणारे दाजी आठवले, आणि बरं वाटलं. तेवढ्यावरच ते राहिलं. चहा घेऊन परत आलो, बॅग उचलली, आणि जिन्यात मध्येच थांबलो. डेपोतल्या भिंतीवरचं घड्याळ पुढं असतं. मग डेपोतल्या कॉम्प्युटरचं?

ह्यात काय आहे ते सांगतो. आपण लॉगिन करतो तेव्हा नाव आणि पासवर्डाबरोबर आपलं यंत्र स्वतःची वेळही पाठवतं. मुख्य कार्यालयातलं यंत्र ती वेळ आपल्या वेळेशी ताडून बघतं. पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक असला तर दार उघडत नाही. कुणी चोरून ठेवलेली जुनी विनंती नंतर वापरू नये म्हणून ही काळजी. नियम चांगला आहे. आमच्या पोर्टलची खोड एवढीच होती की नकार कुठल्याही कारणानं असो, पडद्यावर एकच वाक्य यायचं: नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे. आणि पाच नकार झाले की कुलूप.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईंना पासवर्डाबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं, "बाई, सकाळी कॉम्प्युटर चालू केल्यावर पहिल्यांदा काय करता?"

"तारीख आन् वेळ लावते. त्याच्यातली बॅटरी गेलीय. रातच्याला मेन बंद केलं की ते सगळं इसरतंय. दुरुस्तीवाल्यानं सांगितलंय, रोज लावून घेत जा म्हणून."

"वेळ कशात बघून लावता?"

"भिंतीवरच्या घड्याळात. आनि कशात?"

"ते पुढं हाय, हे माहीत असून?"

"मग? एका खोलीत दोन-दोन वेळा कशाला?" त्या म्हणाल्या. "भिंतीवर एक आन् कॉम्प्युटरमधी एक, असं झालं तर गाडी चुकंल की न्हाई माणसाची?"

"आणि तुम्ही रजेवर असता तेव्हा?"

"तो दुसरा कारकून मोबाइलमधी बघून लावतो. कधी दुपारी लाइट जाऊन आली तर बी तोच लावतो. त्याचं घर डेपोच्या मागंच हाय. त्याला कुठं गाडी धरायची?"

मी सीनियरना सांगितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, खुर्ची मागं सरकवली आणि म्हणाले, "जाके आँखों से देखो. फोन पे बोलेंगे तो कोई नहीं मानता." शनिवारी मी तसाही घरी निघणारच होतो. त्यांनी एक नवी बॅटरी माझ्या हातात ठेवली.

डेपो पहिल्यांदाच बघत होतो. पुढं टेबल, मागं छपरापर्यंत पोती, आणि खताचा वास. बाई माझ्या कल्पनेपेक्षा बुटक्या होत्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. मला बघून म्हणाल्या, "एवढंसं हाय व्हय हे! फोनवर तर लई मोठं वाटतंय." एरिया मॅनेजर मुद्दाम थांबले होते. मी त्यांच्यासमोर कॉम्प्युटरची वेळ भिंतीप्रमाणं लावली आणि बाईंना लॉगिन करायला सांगितलं. पासवर्ड चुकीचा आहे. मग माझ्या मोबाइलप्रमाणं वेळ लावली. बाईंनी एकेक अक्षर शोधत तोच पासवर्ड टाकला. पोर्टल उघडलं.

बाईंनी तोंडावर पदर घेतला. मला वाटलं झालं.

मॅनेजर म्हणाले, "म्हणजे चूक बाईंचीच की. वेळ तर त्यांनीच चुकीची लावली. मी तरी काय लिहिलं होतं?"

ह्याचा मी विचारच केला नव्हता. बाईंचा चेहरा उतरला. मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हणालो, "साहेब, तुम्ही लावून बघता का? तुमच्या घड्याळाप्रमाणं. आणि तुमच्याच नावानं लॉगिन करा."

"त्यात काय!" म्हणत ते खुर्चीवर बसले. मनगट वर करून त्यांनी वेळ लावली, आपलं नाव टाकलं, पासवर्ड टाकला आणि ऐटीत बटण दाबलं.

पासवर्ड चुकीचा आहे.

त्यांनी परत टाकला, ह्या वेळी जोरजोरात बटणं दाबत. पासवर्ड चुकीचा आहे. तिसऱ्यांदा टाकायच्या आधी त्यांनी कॅप्स लॉकचा दिवा बघितला. मग चष्मा पुसला. दुसरे कारकून पोत्यांकडं तोंड करून खोकत होते.

"साहेब," बाई हळूच म्हणाल्या, "तुमचं घड्याळ किती पुढं असतंय?"

मॅनेजरनी बाही मागं सारली. मग मनगटाकडं बघून हसायला लागले. "दहा मिनिटं. बिदरची गाडी धरायची असते मला."

मग सगळेच हसलो. बाईंनी चहा सांगितला. चहा पिताना मी माझं म्हणणं नीट मांडलं. वेळ लावायचं काम माणसाच्या हातात द्यायलाच नको होतं. बॅटरी वेळेवर बदलली असती तर रोज वेळ लावावी लागली नसती. यंत्रानं वेळ मुख्य कार्यालयाकडून आपोआप घ्यायची सोय होती, पण लाइन मंद आहे म्हणून दुरुस्तीवाल्यानं ती बंद करून ठेवली होती. आणि आमचं पोर्टल पासवर्ड बरोबर असूनही चुकीचा म्हणत होतं, ती आमची चूक. बाईंना जे शिकवलं ते त्यांनी एक दिवस न चुकता केलं होतं. मॅनेजर भले माणूस होते. त्यांनी तिथंच बसून, माझ्यासमोर, मुख्य कार्यालयाला दुसरं पत्र लिहिलं: आधीचं पत्र रद्द समजावं, बाईंना भालकीलाच ठेवावं.

मी बॅटरी बदलली, वेळ आपोआप घ्यायची सोय चालू केली आणि कुणाला हातानं बदलता येणार नाही असं केलं. निघताना मॅनेजर भिंतीकडं बोट करून म्हणाले, "ते बी बरोबर करून जा की."

"त्याला हात लावू नका, साहेब," मी म्हणालो. "लोकांच्या गाड्या आहेत त्याच्यावर."

सोमवारी मी हैदराबादला सगळं सांगितलं. सीनियर टेबलावर थाप मारून हसले आणि मग त्यांनी ते वरपर्यंत कळवलं. पुढच्या महिन्यात पोर्टलवर नवं वाक्य आलं: आपल्या यंत्राची वेळ तपासा. हेल्पडेस्कवर आता पासवर्डाच्या आधी वेळ विचारायची पद्धत पडली. आंध्रातल्या दोन डेपोंची जुनी दुखणीही अशीच निघाली. निजामाबादच्या मित्रानं ह्या बिघाडाचं नाव ठेवलं, 'भालकी टाइम.' "अरे, ये भी भालकी टाइम का केस है," असं तो फोनवर हात ठेवून ओरडायचा. सुरुवातीला मला ती थट्टा वाटायची. मग नवीन आलेली पोरंही तेच म्हणायला लागली. भालकी कुठल्या दिशेला आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण भालकी टाइम कसा दुरुस्त करायचा ते येत होतं. माझ्या गावाचं नाव कंपनीत कामाचा शब्द झालं. आजही ते आठवलं की ऊर भरून येतो.

बाईंची बदली रद्द झाल्याचं कळलं त्या संध्याकाळी मी अक्काला पत्र लिहिलं. फोन करता आला असता, शेजाऱ्यांकडं फोन होता. पण अक्काला वाचायला आवडतं. तिच्या सातवीचा तेवढाच उपयोग होतो असं ती म्हणते. पत्र असं होतं:

अक्का,

दंडवत घालतो, दाजींना पण. मी बरा आहे. जेवण वेळेवर करतो, भात जास्त आणि भाकरी कमी मिळते एवढंच.

डेपोतल्या बाईंचं तुला सांगितलं होतं ना? त्यांची बदली झाली नाही. आज कागद निघाला. त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं आणि म्हणाल्या, तुझ्या अक्काला भेटायला येते एक दिवस. आल्या तर त्यांना लवकर सोडू नकोस, पण त्यांची गाडी चुकवू पण नकोस.

आमच्या मोठ्या साहेबांनी मला बोलावून विचारलं, हे तुमच्या लक्षात कसं आलं? इतके लोक बघत होते, कुणाला सुचलं नाही. मी त्यांना तुझ्या घड्याळाचं सांगितलं. माझी बहीण वीस मिनिटं पुढं ठेवायची आणि मी शाळेत सगळ्यांच्या आधी पोचायचो, असं म्हणालो. ते म्हणाले, तुमची बहीण काय करते? मी म्हणालो, तिनं मला शिकवलं. दुसरं काय सांगणार, तू किती काय काय केलंस ते मला एका वाक्यात सांगता येईना.

मला नोकरीत कायम केलं आहे. हे आधी लिहायला पाहिजे होतं, पण मला बाईंचंच आधी सांगावंसं वाटलं. पदवीच्या कागदावर माझं एकट्याचं नाव आहे. हा नवा कागद आला की तो मी तुझ्याकडं ठेवणार आहे. देवळीत ठेव, नाहीतर ट्रंकेत, तुला वाटेल तिथं.

दाजींना सांग, घड्याळाखाली स्टूल ओढू नका.

येत्या शनिवारी येतोय. गाडी साडेसहाला भालकीला पोचते. तुझ्या घड्याळात सात वाजायला दहा कमी असतील, तेव्हा भाकरी टाक.

तुझ्या भरवशावर शाळेला गेलेला,
तुझा भाऊ